आत्याबाईंचं ऊन

“देवाला चालंना, डोक्यात माळता येईना, चटणी व्हईना. मग ठेवायचं कशाला हे झाड?”

आत्याबाई पायरीवर बसून मटकी निवडत होत्या. मी पदर खोचून, हातात कुदळ घेऊन मागच्या बोळातून बाहेर आले होते. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या साताऱ्याकडच्या घरांत सासूला आत्याबाई म्हणायचं आणि सासऱ्याला मामंजी.

“तिथं ठेवायचंच नाही, आत्याबाई,” मी म्हटलं. “पुढं आणणार आहे. उन्हात.”

त्यांचा हात ताटातच थांबला.

आमच्या घरात भांडण व्हायचं ते उन्हावरून. ऐकणाऱ्याला हसू येतं, पण खरं आहे. घर कौलारू, म्हणजे गच्ची नाही. दक्षिणेला शेजाऱ्यांनी दुमजली बंगला उठवला तेव्हापासून अंगणभर सावली. फाटकाजवळ तेवढा एक तुकडा होता, त्यावर सकाळपासून दिवस कलेपर्यंत ऊन असायचं. आणि तो तुकडा आत्याबाईंचा होता. गुढीपाडवा झाला की त्यांची बाज तिथं पडायची ती मिरगापर्यंत हलायची नाही. पापड, कुरडया, सांडगे, शेवया, सगळं त्या बाजेवर. अख्ख्या कॉलनीत त्यांच्यासारखी पांढरीशुभ्र कुरडई कुणाची होत नव्हती आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. उरलेलं वर्षभर तिथं कुणाचं तरी कुत्रं झोपायचं. पण म्हणून तो तुकडा मोकळा आहे असं समजायचं कारण नव्हतं.

आणि मला तोच तुकडा हवा होता.

झाड माझं होतं, बॉटलब्रशचं, बाटली धुवायच्या ब्रशासारखं लाल फूल येतं ते. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, वनीकरणाच्या रोपवाटिकेत होते. माझ्या लग्नात रुखवत मांडलं तेव्हा बाकीच्या पोरींसारखे विणलेले रुमाल, मण्यांचे हंस आणि साखरेचं तुळशीवृंदावन होतंच. पण त्या सगळ्याच्या मध्ये दादांनी तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावलेलं हे रोप ठेवलं होतं, गेरूनं रंगवून, हळदीकुंकू लावून. वऱ्हाडात हशा पिकला. रुखवतात झाड, आता उद्या म्हैस आणतील, असं कुणीतरी म्हटलं. मी अंतरपाटाच्या अलीकडून ऐकलं आणि तेव्हाच ठरवलं, हे झाड मी त्यांच्या दारात फुलवीन. मी तशीच आहे. कुणी हसलं की मला बळ येतं.

सासरी आल्यावर आत्याबाईंनी जागा दिली ती मागच्या बोळात, पाणी तापवायच्या बंबाशेजारी. नवी सून, बोलणार काय. लावलं. दोन वर्षांत झाड उंच झालं, पण हाडकुळं, आणि सगळं अंग एका बाजूला कललेलं. बंगल्याच्या भिंतीवरून बोटभर ऊन यायचं तिकडं मान वळवून उभं. फूल एक नाही. आत्याबाई बंबात काटक्या घालायला गेल्या की त्याच्याकडे बघायच्या आणि मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणायच्या, “वाढलंय बघा निस्तं.”

आता आषाढ लागला होता, आभाळ भरलेलं होतं. झाड हलवायचं तर याच दिवसांत, हे दादांनी मला लहानपणीच शिकवलं होतं.

“तिथं माझी बाज असती,” आत्याबाई म्हणाल्या.

“ती पाडव्यानंतर.”

“आन् पाडव्यानंतर झाड काय चालत मागं जाणार हाय?”

“त्याला ऊन द्या, आत्याबाई. पाडव्यापर्यंत फुलेल. नाही फुललं तर मी माझ्या हातानं उपटीन आणि पुन्हा ह्या अंगणात झाडाचं नाव काढणार नाही.”

“आन् फुललं तर?”

“तर ते तिथंच राहील. बाज सरकवायची.”

तेवढ्यात कुंपणापलीकडून हौसाकाकूंनी मान काढली. त्या आमच्या शेजारीण. दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय हे त्यांना वासावरून कळायचं. “सुनंनं सासूशी पैज लावली म्हणायची,” त्या म्हणाल्या. “मी साक्षीला हाय बरं का.”

आता आत्याबाईंना माघार घेता येईना. सुनेपुढं एकवेळ घेतली असती, हौसाकाकूंपुढं कशी घेणार? ताट उचलून त्या उठल्या. “लाव,” म्हणाल्या. “पाडव्याला ही कुदळ मीच तुझ्या हातात देईन.”

आमच्या ह्यांनी त्या रविवारी मदत केली. बुंध्याभोवती गोल चर खणला, मातीचा गड्डा फुटू न देता गोणपाटात बांधला आणि दोघांनी उचलून पुढं आणला. खड्ड्यात मुरूम टाकला, म्हणजे पाणी साचायला नको. ह्यांनी विचारलं, “फुलेल का गं नक्की?” मी म्हटलं, “तुम्ही माती दाबा.”

झाडानं दिवाळीपर्यंत रंग बदलला. पान गर्द झालं, बुंधा सरळ झाला, चारी बाजूंनी फुटवे आले. पान चुरगळून नाकाशी धरलं की लिंबासारखा वास. मी दोन गोष्टी घरात सगळ्यांना सांगून ठेवल्या. एक, बुंध्यात चुलीची राख किंवा चुना टाकायचा नाही, त्याला तो सोसत नाही, पानं पिवळी पडतात. आणि दुसरी, शेंडे खुडायचे नाहीत. हे मी एका रात्री जेवताना मुद्दाम सगळ्यांसमोर सांगितलं.

“ह्याचं फूल फांदीच्या टोकाला येतं,” मी म्हटलं. “शेंडा गेला की फूल गेलं. कापायचं असेल तर फुलं होऊन गेल्यावर. त्याच्या आधी नाही.”

मामंजींनी “बरं बरं” म्हणून ताक मागितलं. आत्याबाई तव्यावरची भाकरी उलटत होत्या, त्यांनी वळूनही बघितलं नाही. ह्यांनी मान डोलावली, पण ते माझ्या प्रत्येक बोलण्यावर मान डोलवतात.

माघात माझ्या भावाचं लग्न निघालं. मी माहेरी निघाले त्या सकाळी झाडाच्या टोकांना बारीक मिरीएवढ्या कळ्या धरलेल्या होत्या. राखी रंगाच्या, नीट बघितल्या तरच दिसतील अशा. मला इतका आनंद झाला की एस्टीत शेजारच्या बाईला मी सगळी हकिगत सांगितली.

“फुललं का?” दादांनी दारातच विचारलं.

“फुलणार,” मी म्हटलं. “पाडव्यापर्यंत.”

“कळ्या बघितल्यास?”

“बघून आले.”

दादा हसले आणि हळदीच्या गडबडीत जो भेटेल त्याला सांगत सुटले. हळद, लग्न, गोंधळ सगळं उरकून मी परत आले. फाटक उघडलं, हातातली पिशवी खाली ठेवली, आणि तशीच उभी राहिले.

झाड गोल होतं.

मामंजी पोलीस हेडक्वार्टरातून हवालदार म्हणून रिटायर झाले होते. नोकरीची शेवटची वर्षं साहेबांच्या बंगल्याची बाग त्यांच्याकडे होती, आणि तेव्हापासून झाड म्हणजे एकतर चौकोनी नाहीतर गोल, तिसरा आकार त्यांना मंजूर नव्हता. आमची मेंदी त्यांनी भिंतीसारखी कापली होती. आता त्यांनी बॉटलब्रशला लष्करी कटिंग मारलं होतं. सगळे शेंडे, सगळ्या कळ्या खाली पडून वाळून झाडल्याही गेल्या असणार. बुंध्याला खालून गेरू आणि वर चुन्याचा पट्टा.

मामंजी ओट्यावर पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघून म्हणाले, “कसं दिसतंय? पार वेडंवाकडं सुटलं होतं. म्हटलं, सूनबाई यायच्या आत टापटीप करून ठेवू.”

मनानं देवमाणूस. माझ्यासाठी म्हणूनच केलेलं.

“छान झालंय, मामंजी,” मी म्हटलं. दुसरी कुणी असती तर आत जाऊन उशीत तोंड घालून रडली असती. मी आधी झाडाभोवती फिरले. हरलेय की नाही ते नीट बघितल्याशिवाय मी कधी हरत नाही.

आणि कुंपणाच्या बाजूला, खाली, एक फांदी सापडली. लांब, तशीच्या तशी, शेंड्यासकट. टोकाला कळ्या होत्या. त्या फांदीला काळं फडकं बांधलेलं होतं.

ते फडकं मी ओळखलं. फाटक्या छत्रीचं कापड, आत्याबाई बाजेच्या कोपऱ्याला काठी लावून तिच्यावर बांधायच्या, कावळे पापडावर बसू नयेत म्हणून. त्याला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती. एकदा ह्यांनी सायकल पुसायला ते घेतलं होतं, तर आठवडाभर त्यांना घरात उत्तर मिळत नव्हतं. मला खुदकन हसू आलं. आत्याबाईंनी मधे कधीतरी मिरच्या वाळत घातल्या असणार, फडकं झाडाला बांधलं असणार, आणि मामंजींची कात्री तिथवर येऊन बायकोच्या फडक्याला घाबरली असणार. चोर-दरोडेखोरांना न घाबरलेला माणूस. म्हटलं, दैव तर दैव, आपल्या बाजूनं आहे ना, पुरे.

आत्याबाई दारात आल्या. झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“पैज ध्यानात हाय न्हवं?” त्या म्हणाल्या.

“आहे की.”

“मोडायची आसंल तर सांग. हौसीला मी समजावून सांगीन. तुझा काय दोष न्हाय यात.”

“मोडायची कशाला? फुलणार आहे.”

त्या तशाच वळून आत गेल्या. मला वाटलं, चिडल्या.

त्यानंतर मी त्या फांदीला लेकरासारखं जपलं. मामंजींची कात्री “धार लावून आणते” म्हणून ह्यांच्याबरोबर बाजारात पाठवली आणि ह्यांना बजावलं, पाडव्याशिवाय परत आणायची नाही. बुंध्यात सांडलेला चुना खरवडून काढला. एक दिवसाआड संध्याकाळी पाणी, तेही बेतानं. शिमगा झाला. कळ्या फुगल्या, त्यांच्यावर गुलबट खवले आले, आणि तिथंच थांबल्या. हौसाकाकू रोज कुंपणावरून विचारायच्या, “काय गं, उमललं का तुझं?” मी म्हणायचे, “उमलेल.” रात्री मात्र झोप लागायची नाही. पैज हरल्याचं काही नाही, पण मग दादांनी डब्याला लावलेला गेरू आठवायचा, आणि तो वऱ्हाडातला हशा. झाड उपटलं तर ह्या घरात माझं म्हणून उरलं काय? माझी ट्रंकसुद्धा आत्याबाईंच्या कपाटाखाली होती.

एका पहाटे मी उठले तर आत्याबाई झाडाशी वाकून उभ्या. हातात तांब्या.

“काय बघताय आत्याबाई?”

“तुळशीला पाणी घालत हुते,” त्या म्हणाल्या आणि तरातरा निघून गेल्या. तुळस अंगणाच्या दुसऱ्या टोकाला होती. मी मनात म्हटलं, बघा, दुश्मन टेहळणी करून गेला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी एका कळीतून लाल सुताची टोकं बाहेर डोकावली. मी कुणाला सांगितलं नाही. दिवसभर पुरण शिजवलं, काठी धुतली, गाठी आणल्या, आणि दर थोड्या वेळानं फाटकाशी जाऊन आले. आमचे हे म्हणाले, “कुणाची वाट बघतेस का?” मी म्हटलं, “तुमच्या कात्रीची.”

पाडव्याच्या सकाळी ते उमललं. एकच. पण काय उमललं होतं. वीतभर लांब, लालभडक, खालून वरपर्यंत भरलेलं, प्रत्येक सुताच्या टोकाला पिवळा कण. सूर्य वर आला तेव्हा काळाजांभळा चिमुकला शिंजीर पक्षी येऊन त्याला उलटा लटकला. गोल गरगरीत झाड, आणि त्याच्या एका कानशिलावर तेवढंच एक फूल, तुरा खोवलेल्या नवरदेवासारखं. मी मोठ्यानं हाक मारली. “आत्याबाई, बाहेर या.”

सगळेच आले. मामंजी गुढीची काठी हातात घेऊन आले. हौसाकाकू तर फाटकातून आतच आल्या. फुलाकडे बघितलं, हनुवटीवर बोट ठेवलं.

“एक फूल म्हणजे फुललं म्हणायचं व्हय? पैज झाडाची हुती. झाड कुठं फुललंय?”

मी तोंड उघडणार होते, मला सगळी उत्तरं पाठ होती. पण आत्याबाईच पुढं झाल्या.

“झाडालाच आलंय न्हवं फूल? का माझ्या डोक्याला आलंय?”

“तसं न्हवं वैनी, पण एकच हाय.”

“एक आलं म्हंजी आलं. तुला दिसत नसंल तर जवळ येऊन बघ. मी हरले. झालं तुझं समाधान? जा, तुझी गुढी उभी करायची ऱ्हायलीय.”

हौसाकाकू गेल्या. मामंजी झाडाकडे बघत उभे होते, त्यांच्या ध्यानात आता आलं असावं. “च्यायला,” ते हळूच म्हणाले, “सगळ्यालाच अशी आली असती का गं?” मी म्हटलं, “पुढच्या वर्षी येतील, मामंजी. तुम्हीच कापायचं, पण मी सांगेन तेव्हा.” ते खूश झाले. गुढीची तयारी करायला आत गेले.

अंगणात आम्ही दोघीच राहिलो. आत्याबाई बाजेकडे गेल्या, भिंतीला टेकवलेली बाज झटकली.

“ते फडकं सोड आता झाडाचं,” त्या म्हणाल्या. “उद्यापासनं पापड घालायचं हाईत.”

मी गाठ सोडायला लागले. गाठ पक्की होती, दुहेरी, निरगाठ. आणि ती सोडता सोडता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे फडकं वाळवणाच्या पेटीत असायचं. सोऱ्या, जुनेरं, प्लॅस्टिकचे कागद, सगळं त्या पेटीत, आणि पेटी माळ्यावर. पाडव्याशिवाय ती खाली येत नसे. आणि आमच्याकडे माघात कुणीही मिरच्या वाळवत नाही.

“आत्याबाई,” मी विचारलं, “हे माघात इथं कसं आलं?”

“मी बांधलं.”

“पण कशाला?”

त्या बाजेची सुतळी ताणून बघत होत्या. तशाच, मान वर न करता बोलल्या.

“तू तिकडं भावाच्या लग्नात. हिकडं तुझा सासरा कात्री घिऊन सुटला. मी म्हणलं, शेंडं ठेवा, शेंड्याला फूल येतं म्हणत हुती ती. ऐकतोय व्हय? म्हणला, तुला झाडातलं काय कळतंय. निम्मं झाड कापून झालं हुतं. मग शिडी लावली, पेटी काढली, आन् हे बांधलं. म्हणलं, ही फांदी माझी हाय, हिला हात लावायचा न्हाय.”

त्या रात्री भाकरी उलटताना त्यांनी मान वळवली नव्हती. पण ऐकलं होतं. अख्ख्या घरात त्यांनी एकट्यांनीच ऐकलं होतं.

“पण तुम्ही पैज जिंकला असता,” मी म्हटलं.

“जिंकायचीच हुती मला.” आता त्यांनी वर बघितलं. “पण झाडाकडनं. म्हाताऱ्याच्या कात्रीकडनं जिंकून काय करू? उद्या तू मला म्हणाली असतीस, आत्याबाई, तुम्ही काय हरवलंत व्हय मला? मग मी काय तोंड दाखवलं असतं?”

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पाडवा होता, पडायचंच होतं, पण मी तिथंच अंगणात पडले. त्या म्हणाल्या, “बास, बास. गुढी उभी राहू दे आधी.” त्यांनी आपल्या पदरानं माझे डोळे पुसले, आणि तोच पदर फिरवून बाजेवरची धूळपण पुसली.

“फूल गुढीला बांधू का?” मी विचारलं.

“देवाला चालत न्हाय म्हणलं ना एकदा.” मग जराशानं, “ऱ्हाऊ दे तिथंच. ते पाखरू ईल.”

“बाज कुठं सरकवायची?”

हे मात्र अवघड होतं. मागं सावली, बाजूला मेंदी, पुढं फाटक. पैजेच्या भरात सरकवायची म्हटलं होतं, पण कुठं ते मीही कधी बघितलं नव्हतं. आत्याबाई कमरेवर हात ठेवून त्या उन्हाकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं बाज फाटकाला समांतर, आडवी पडत आली होती.

“धर तिकडनं,” त्या म्हणाल्या.

मी पायथा धरला, त्यांनी उसं धरलं, आणि आम्ही बाज उचलून उन्हात आणून फिरवली. आडवीऐवजी उभी टाकली, पायथा फाटकाकडे. झाडाला खेटून, पण सबंध उन्हात. आत्याबाईंनी चारी कोपऱ्यांवर हात ठेवून बघितला, कुठं सावली येते का. कुठंच येत नव्हती. झाडाची सावली पलीकडे कुंपणावर पडत होती.

“लाल सुतं पडतील कुरडईवर,” मी म्हटलं.

“वरनं जुनेरं घालीन. तेवढं कळतं मला.”

मग त्या बाजेवर टेकल्या, काळं फडकं मांडीवर घेऊन त्याची घडी घातली आणि उन्हानं डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं.

“पुरतंय की गं दोघींना,” त्या म्हणाल्या, इतकी वर्षं पुरत नाही म्हणून मीच अडून बसले होते अशा आवाजात.